उन्हाचं पेव

कोथळगावात ऊन जमिनीत पुरून ठेवतात, असं पूर्वी कुणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आता सांगलीकडून येणाऱ्या रस्त्यावर तशी पाटीच आहे, आणि शाळांच्या सहली येऊन जमिनीला हात लावून किंचाळून जातात. पण ही गोष्ट पहिल्या वर्षाची. तेव्हा पाटी नव्हती, सहली नव्हत्या, आणि पेवांच्या राखणीला एकटी त्रिशला मगदूम होती.

पेव म्हणजे जमिनीतला रांजण. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. कृष्णाकाठच्या चिकट मातीत लोक पूर्वी अशा पेवांतून हळद साठवत. हळद भरायची, तोंडावर फरशी, फरशीवर माती, की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. उघडायची मात्र कोथळगावात एक रीत होती. पेव बहुधा दोघांत असे. एकानं तोंडाशी उभं राहून "उघडू का?" विचारायचं, दुसऱ्यानं "उघड" म्हणायचं, मगच फरशी हलायची. हलली तरी कुणी लगेच आत उतरत नसे, कारण बंद पेवातल्या हवेत माणूस गुदमरतो. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस आत जाई.

त्रिशलाचे वडील भूपाल मगदूम आणि त्यांचा धाकटा भाऊ देवगोंडा यांचं असंच एक पेव होतं, नदीच्या अंगाला. त्रिशला सात वर्षांची असताना कृष्णेला महापूर आला. त्याच्या आदल्या आठवड्यात देवगोंडा रोज पेवाच्या तोंडाशी उभा राहून विचारत होता, "अण्णा, उघडू का? पाणी वाढालंय." आणि भूपालअण्णा रोज मान आडवी हलवत होते. हळदीचा भाव चढत होता. आणखी चार दिवस धरली तर सोनं होणार होतं. ते चार दिवस पाण्यानं दिले नाहीत. पेव फुटलं आणि मगदुमांच्या घाटापासून खालच्या डोहापर्यंत नदी पिवळी झाली. ते पाणी त्रिशलानं वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. तिला ते फार सुंदर वाटलं होतं, आणि अण्णांचे खांदे का हलतायत हे तिला कळलं नव्हतं.

देवगोंडा त्या वर्षीच पैलतीरावरच्या पैलवाडीत राहायला गेला. मग पुढची चाळीस वर्षं दोघा भावांतून विस्तव जात नव्हता. मधे नदी होती, एवढंच एक बरं होतं.

चाळीस वर्षांत जगाची चूल बदलली. कोळसा मागे पडला. घराघरावर, बांधाबांधावर सौरतावदानं आली आणि उन्हाळ्यातल्या दुपारी वीज इतकी व्हायची की तारा म्हणायच्या, आता पुरे. दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत टिकवणाऱ्या बॅटऱ्याही दारोदारी झाल्या. घोडं अडलं ते आषाढात. पंधरा-पंधरा दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा संध्याकाळपुरती बॅटरी घेऊन काय करायचं? चैत्र-वैशाखाचं ऊन आषाढ-श्रावणापर्यंत टिकवील अशी काही सोय हवी होती. ती करायला एकही व्यापारी पुढे येईना, आणि त्यांचंही खरंच होतं. जी वस्तू वर्षातून एकदाच वापरायची, ती उभारून दुकान चालत नाही. म्हणून शेवटी सरकार पुढे आलं. 'दीर्घ साठवण साह्य योजना' निघाली. निम्मा खर्च आधी. उरलेला निम्मा, उन्हाळ्यात भरलेली ऊर्जा ठरलेल्या तारखेपर्यंत धरून दाखवली आणि त्या दिवशी ती गावाला पुरवून दाखवली तर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यांनी घडवली त्यांना काय ठाऊक, पुढे थांबण्यालाच सरकार मदत करील!

कोथळगावानं अर्ज केला तो पेवांच्या जोरावर. नदीपासून दूर, उंचवट्यावर मगदुमांची सामाईक जमीन होती. तिथे जुन्या घाटाची, पण अवाढव्य पेवं खणली. आत काळ्या कातळाची खडी भरली आणि खडीतून तारा फिरवल्या. उन्हाळाभर दुपारची जास्तीची वीज त्या तारांत सोडायची, की विजेच्या शेगडीसारख्या त्या लाल होतात आणि दगड तापत जातो, तापत जातो, लोहाराच्या भट्टीइतका. मग तोंड बंद. वीज हवी असेल तेव्हा त्या खडीतून वारा फुंकायचा. तो तापलेला वारा पाण्याची वाफ करतो आणि वाफ चक्र फिरवते. तीन वाटे उष्णता घालावी तेव्हा एक वाटा वीज हाती येते. पण वाया जाणाऱ्या दुपारचा एक वाटा आषाढात मिळतो म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

आता दगड इतके महिने गरम कसा राहतो? याचं उत्तर पंगतीत वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. भाकरी ताटात पडेपर्यंत निवते, पण भाताचं मोठं पातेलं शेवटची पंगत उठली तरी वाफाळत असतं. उष्णता पळते ती अंगावरच्या कातडीतून, आणि वस्तू जितकी थोर तितकी पोटाच्या मानानं तिची कातडी कमी. त्यात पेवांभोवती फुगवलेल्या दगडाच्या लाह्यांचं जाड अस्तर होतं. तरी थोडी ऊब वरच्या मातीत झिरपायचीच. साठवण कक्षाच्या मुल्ला मॅडम त्याला 'गळती' म्हणत, आणि पुढच्या वर्षी ती बंद करायची असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

या गळतीनंच त्रिशलाचं सगळं बिघडवलं. किंवा सुधारलं म्हणा.

ती पुण्यात वीजमंडळाच्या उपकेंद्रात नोकरी करत होती. अण्णांना विसर पडू लागला तेव्हा ती परत आली. आधी ते किल्ल्या विसरले, मग आईचं जाणं विसरले, मग एक दिवस तिच्याकडे बघून म्हणाले, "ओ बाई, आमची त्रिशी दिसली काय?" त्या दिवशी ती मागच्या परसात जाऊन पोटभर रडली आणि परत येऊन म्हणाली, "येईल इतक्यात." तेव्हापासून ती घरात बाई म्हणून वावरत होती. पेवांच्या राखणीची नोकरी घराजवळ होती म्हणून तिनं धरली.

रोहिणी नक्षत्रात पेवं बंद झाली. मृगाच्या गारठ्यात अण्णा हुडहुडी भरून बसले, तेव्हा तिनं त्यांना धरून पेवांवरच्या पत्र्याच्या छपरीत आणलं. जमिनीवर घोंगडं अंथरलं. बाहेर पाऊस, आणि खाली माती वैशाखातल्या खळ्यासारखी ऊन. अण्णांनी तळहात मातीवर ठेवला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले,

"त्रिशे, च्या टाकलास काय न्हाई अजून?"

ती तिथेच बसली.

ऊब लागली की अण्णांच्या आत कुठेतरी उन्हाळा सुरू व्हायचा. हळद शिजवल्याचा वास त्यांना यायचा. झाडाखाली बैल बांधलेत का, विचारायचे. त्या उन्हाळ्यात त्रिशला कधी सात वर्षांची असायची, कधी कॉलेजात जाणारी, पण त्रिशलाच असायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मातीशी आयुष्य गेलेल्या माणसाला माती काय आठवण करून देईल सांगता येत नाही. आम्ही कारण शोधत बसू, तुम्ही रोज नेत जा. ती रोज नेऊ लागली. छपरीभोवतीचा मोगरा ऐन आषाढात फुलायचा आणि पावसाच्या धारांमधून त्याचा वास यायचा. दुपारी अण्णा झोपले की तीही शेजारी पाठ टेकायची. खालून ऊब, वरून पत्र्यावरचा पाऊस. तिला झोपेत पिवळी नदी दिसायची. दिवस असे सायीसारखे धरत होते.

पहिल्या वर्षीच्या चाचणीची, म्हणजे पेवं उघडायची, तारीख गणपतीच्या आसपासची होती. दगड गार झाला की माती गार होणार, हे तिला कळत होतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तारखेच्या आत एक ठिणगीसुद्धा मिळायची नाही. गावाचं साह्य अडकलंय." गावाला वाटे, केवढी कर्तव्यदक्ष बाई! तिचं तिला माहीत होतं. तारीख पुढे ढकलता येईल का, असं तिनं मुल्ला मॅडमना सहज म्हणून दोनदा विचारलं होतं.

श्रावणात पाऊस पडला तो चाळीस वर्षांपूर्वीसारखा. नदी घाटावरच्या देवळात शिरली. तारांचे मनोरे आडवे झाले आणि पैलवाडी अंधारात गेली. घरोघरच्या बॅटऱ्या आधीच आभाळानं रिकाम्या केल्या होत्या. कोथळगावच्या पेवांपासून पुलाच्या पोटातून पैलवाडीला जाणारी केबल मात्र शाबूत होती. योजनेतच ती टाकलेली होती.

दुपारी फोन आला. देवगोंडाकाकाचा आवाज त्रिशलानं जन्मात मोजक्या वेळा ऐकला होता, तरी लगेच ओळखला. तो अण्णांचाच आवाज होता, थोडा पातळ.

"पोरी, सगळी वस्ती शाळेत गोळा झालीया. पाणी गाळायची मोटर बंद हाय. दवाखान्यात दोघांना नळीनं हवा लावलीया, ते यंत्र दिवस मावळंपतूर चालंल म्हणत्यात. उघड की."

पेवं उघडायला संगणकाला दोन अंगठे लागत. आखणी करणाऱ्यांनी गावची जुनी रीत ऐकून ती तशीच आत घातली होती. जमीन सामाईक, म्हणून एक अंगठा देवगोंडाकाकाचा, आणि दुसरा अण्णांच्या वतीनं त्रिशलाचा.

"माझा मी फोनवरनं लावलाय," काका म्हणाला.

"काका, तारीख गणपतीची आहे. आधी उघडलं तर सगळ्या गावाचं साह्य जाईल. मी मॅडमना विचारते, मग..."

"तुझा बा बी असंच म्हणाला हुता," काका म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "त्याला भाव हुता, तुला तारीख."

तिनं फोन ठेवला आणि मॅडमना लावायला घेतला, तोच त्यांचाच आला.

"त्रिशलाताई, चांगली बातमी आहे. मुंबईहून आदेश आलाय. पुरात उघडलं तर तीच चाचणी धरायची. साह्य पूर्ण मिळणार. उघडा बिनधास्त!"

त्रिशलानं छपरीकडे पाहिलं.

"ऐकताय ना?"

"हो. मॅडम, मला थोडा वेळ द्या."

"आता कशाला वेळ?" मुल्ला मॅडम थबकल्या. सरकारी नोकरीत माणसं ओळखायला शिकलेली बाई होती ती. "ताई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. अडचण काय आहे?"

"माती गार होईल," त्रिशला म्हणाली. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सांगून बसली: अण्णा, मातीवर टेकलेला त्यांचा हात, आणि दिवसातून एकदा ऐकू येणारं 'त्रिशे'. तिला स्वतःची फार लाज वाटली. पलीकडे दोन माणसं श्वासासाठी तडफडणार होती आणि ती एका हाकेला धरून बसली होती. पण लाज वाटली म्हणून हाक नकोशी होत नव्हती.

"ती गळती मी नुसती आकड्यात बघितली होती," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला हुकूम देणार नाही, ताई. अंगठा तुमचा आहे. पण दिवस मावळायला फार वेळ नाही."

त्रिशला छपरीत आली. अण्णा जागे होते. भरलेल्या आभाळाकडे बघत घोंगड्यावर बसले होते, आणि एक हात नेहमीसारखा मातीवर होता.

"त्रिशे," ते म्हणाले, "पाणी कुठवर आलंय?"

"देवळात शिरलंय, अण्णा."

"देवू काय म्हणतोय?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे नाव कधी घेतलं नव्हतं. बोलण्यात बैल निघाले होते, आई निघाली होती, हळद शिजवायच्या कढया निघाल्या होत्या. देवू निघाला नव्हता. त्रिशलाच्या लक्षात आलं, की अण्णा आज कुठल्या दिवसात येऊन बसलेत. हा तोच आठवडा होता. बाहेरचा पाऊसही तोच होता. आणि ती भ्यायली. त्या आठवड्यात अण्णांनी काय उत्तर दिलं होतं हे साऱ्या कोथळगावाला पाठ होतं. पुन्हा 'न्हाई' म्हणाले तर? अन् तिला हेही उमगलं, की तसं झालं तर ती मनातून सुटकेचा श्वास टाकील. अण्णाच नको म्हणाले, असं जगाला आणि स्वतःला सांगायला ती मोकळी होईल.

तिनं काकाला फोन लावला, मोठ्यानं ऐकू येईल असा केला आणि अण्णांच्या कानाशी धरला. "काका, अण्णा आहेत. विचार त्यांना."

चाळीस वर्षांचं अंतर काकाला एकदम ओलांडवेना. घसा खाकरल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, अगदी पेवाच्या तोंडाशी उभं राहून विचारतात तसं,

"अण्णा, उघडू का?"

अण्णांनी मातीवरून हात फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्रिशलानं डोळे मिटून घेतले.

"किती धरून बसायचं, देवू," अण्णा म्हणाले. "उघड."

अण्णा फोनकडे आणखी झुकले.

"पर ऐक, एकदम आत उतरू नगंस. तुला घाई लई. आधी कंदील सोड. जळाला तरच उतर. न्हाईतर राहू दे ती हळद. ऐकलास काय?"

"व्हय अण्णा," काका म्हणाला. "सोडतो. आधी कंदीलच सोडतो."

त्रिशला उठली, नियंत्रण खोलीत गेली आणि तिनं अंगठा टेकवला.

पंखे घुमू लागले. जमिनीखाली कुणीतरी लांब श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. वाफेच्या नळ्या कुरकुरल्या, चक्र आधी नाखुशीनं आणि मग झपाझप फिरू लागलं. चैत्रातल्या आणि वैशाखातल्या त्या सगळ्या पांढऱ्याफेक दुपारी, ज्यांना कंटाळून लोकांनी खिडक्यांना गोणपाट लावलं होतं, त्या पुलाच्या पोटातून पलीकडे निघाल्या.

ती परत येऊन अण्णांशेजारी बसली. दिवेलागणीची वेळ झाली होती. छपरीतून पैलतीर दिसायचा. तिथे नुसता काळोख आणि पाणी होतं. मग शाळेच्या जागी एक दिवा लागला. त्याच्या शेजारी दवाखान्याचा. मग एकामागून एक सगळी वस्ती उमटली, आणि पुराच्या पाण्यावर त्या दिव्यांचा पिवळा रंग पसरत या काठापर्यंत आला.

अण्णा बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. या वेळी का, ते तिला कळत होतं.

"बघ की, त्रिशे," ते म्हणाले. "केवढी हळद झाली!"

"हो अण्णा," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं ती पिवळी नदी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.

आठवडाभर पेवांनी दोन्ही काठांना वीज पुरवली. माती एकदम गार झाली नाही. रोज थोडी थोडी निवत गेली, आणि अण्णा रोज थोडे थोडे लांब गेले. आधी कॉलेजातली त्रिशला गेली, मग सात वर्षांची. मोगऱ्यानं कळ्या गाळल्या. पूर ओसरल्यावर देवगोंडाकाका नावेतून आला आणि छपरीत भावासमोर मांडी घालून बसला. अण्णांनी त्याला "पाव्हणं कुठलं?" असं विचारलं. काका म्हणाला, "पैलवाडीचं." मग दोघं पावसापाण्याविषयी खूप वेळ बोलले. काका त्यानंतर दर बाजारच्या दिवशी पाहुणा म्हणून येऊ लागला आणि दर वेळी नव्यानं ओळख करून देऊ लागला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. ओळखून न बोलण्यात चाळीस वर्षं गेलेल्या माणसाला न ओळखता बोलणं परवडत होतं.

मुल्ला मॅडम पाहणीला आल्या. चाचणी पास झाली, साह्य मंजूर झालं, गावानं हार घातला. निघताना त्या त्रिशलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नवं अस्तर येतंय. गळती जवळजवळ बंद होईल."

"मॅडम, छपरीखालचं एक पेव गळकं राहू द्या."

"वाया जाणारी उष्णता आहे ती, ताई. मला वर कारण द्यावं लागेल."

"द्या की. सांगा, गावातल्या म्हाताऱ्यांना बसायला."

मुल्ला मॅडम हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण अस्तराच्या मापात त्यांनी एक पेव कमी धरलं.

गौरी उठल्या त्या दिवशी माती पूर्ण गार झाली. त्रिशलानं सवयीनं घोंगडं अंथरलं, अण्णांना बसवलं, त्यांच्या हातात चहाचा कप दिला. अण्णांनी मातीवर तळहात ठेवला, उचलला, धोतराला पुसला. मग तिच्याकडे वळून परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं विचारलं,

"बाई, तुमी कुणाच्या म्हणायच्या?"

"मगदुमांची," ती म्हणाली.

"मगदुमांची? मंग तुमच्यात पेव असंल की."

"आहे ना. चांगलं मोठं आहे."

"आता रिकामं असंल. हे काय दिवस न्हवंत पेवाचं." अण्णांनी चहा संपवला आणि कप तिच्या हातात दिला. "उन्हाळ्यात येतो बगायला."

"या," त्रिशला म्हणाली. "मी वाट बघते."